अंबाजीआबांच्या खळ्यावरून

मुक्काम कान्हे (लोणावळे नव्हे, कारण खाली येईल),
मार्गशीर्ष, शुक्रवार

तीर्थस्वरूप त्र्यंबकमामा यांच्या पायांशी,

आपला भाचा महिपती दोन्ही हात जोडून नमस्कार करतो. (उजव्या हाताला तेल असल्यामुळे कागदावर बोटं उमटली आहेत, तेवढी क्षमा असावी.) इकडे मी जिवंत आहे. आपली प्रकृती कशी आहे? उगाच उपचार म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतो. छातीत धडधड? पायाला सूज? पहाटेचा खोकला? बारीकशी कुरबुर असली तरी कळवा. माणसानं दुखणं अंगावर काढू नये. आपण नेहमीच इतके ठणठणीत असता, की मला दोन दिवसांपासून त्याची फार काळजी वाटू लागली आहे.

तर प्रवासाची हकिकत. आपण मोटारसायकल माझ्या हाती दिलीत तेव्हा ठरलं ते माझ्या पूर्ण ध्यानात आहे: नगरहून एकट्यानं निघायचं, गुरुवारी दिवस मावळायच्या आत लोणावळ्याला शरच्चंद्ररावांच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात गाडी धडधाकट उभी करायची, म्हणजे ते मला हाताखाली घेतील, आणि नाही जमलं तर वडील मला पाथर्डीला तलाठ्याच्या चावडीत नकला उतरायला बसवणार. मामा, माझं अक्षर आपण पाहताच आहात. त्या चावडीत लोकांच्या जमिनी इकडच्या तिकडे होतील. तेव्हा हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही.

मंगळवारी निघालो तेव्हा नगरला ऊन असं होतं, की सुप्यापर्यंत टाकीवर हात ठेववेना. शिरूरच्या अलीकडे वावटळ आली, ती अर्धा मैल माझ्याबरोबरच चालली. मला वाटतं तिलाही पुण्याला जायचं होतं. घोडनदी ओलांडली तशी एकदम गार झुळूक, मग भुरभुर पाऊस, मग परत ऊन, आणि मग धुकं. एवढ्या सपाट माळावर लपायला एक बाभूळ नाही, आणि असती तरी उपयोग काय? आपल्या गाडीची गोम आपल्याला ठाऊकच आहे. थांबवली की इंजिन बंद. परत सुरू करायची तर ढकलत पळायचं आणि ती फुरफुरली की उडी मारून वर बसायचं. एकट्या माणसानं थांबायचं म्हणजे आधी उतार शोधायचा. म्हणून मी थांबलोच नाही. भिजत गेलो, वाळत गेलो. वाटेत रस्ता विचारायचा झाला तर पारावरच्या मंडळींना चालत्या गाडीवरून विचारायचो, उत्तर यायच्या आत पुढे गेलेलो असायचो, मग पाराला वळसा घालून उत्तराचा पहिला अर्धा भाग घ्यायचा आणि दुसऱ्या वळशाला उरलेला. कोरेगावला एका म्हाताऱ्यानं चौथ्या वळशाला माझं लग्न झालंय का विचारलं. पाचव्याला त्याची भाची सांगितली. सहावा मी घातला नाही.

रात्र पुण्यात काढून बुधवारी तळेगाव मागे टाकलं, तेव्हा दुपार व्हायची होती. लोणावळं बारा-चौदा मैलांवर आणि हातात दीड दिवस. मी इतका खूश झालो, की रस्त्याच्या कडेनं आगगाडी निघाली तिच्याशी शर्यत लावली. (हे खरं म्हणजे लिहिणार नव्हतो.) इंजिनवरच्या माणसानं मला हात केला. मीही केला. ती कान्हे स्टेशनाला थांबली, म्हणजे मी जिंकलो. आता जिंकलेल्या माणसानं निदान रामराम तरी घालू नये का? म्हणून स्टेशनाकडच्या वाटेला वळलो. वाट अरुंद, दोन्हीकडे बांध. परत फिरायला जागा नाही. पुढे रुळांच्या कडेला एकच गोल, सपाट, सारवलेली जागा दिसली. मी मनात म्हटलं, देवानं माझ्यासाठीच केली आहे.

ती अंबाजीआबांनी केली होती. त्यांचं खळं होतं. मधोमध तिवडा रोवलेला, त्याला दोन बैल बांधून भाताची मळणी चाललेली. मी फटफट करत आत शिरलो तशी बैलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, दावं तोडलं आणि शेपट्या वर करून नाणे मावळाच्या दिशेनं जे गेले, ते आजतागायत तिकडेच आहेत. मी घाबरून इंजिन बंद केलं. तेवढ्यात घाटाकडून काळा ढग वर आला. खळ्यावर अख्ख्या वर्षाचं भात उघडं. आबा सत्तरीचे, काठीसारखे सरळ. त्यांनी ढगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“बैल तुमी पळीवलं न्हवं?”

“हो. पण मुद्दाम नाही, आबा.”

“मग आता तुमीच बैल. चला, फिरा.”

मामा, आपण असता तर काय केलं असतं? मी म्हटलं, मला उद्या मावळतीच्या आत लोणावळ्याला पोचायचंय, माझं सगळं आयुष्य आहे तिकडे. आबा म्हणाले, “आन माजं साल हितं हाय त्ये?” यावरचं उत्तर आपल्याला सुचलं तर कळवा.

पुढे अडचण निराळीच. खळ्यावर पायताण घालून येत नाहीत, लक्ष्मीची जागा. मी बूट काढले. पण चाकांचं काय? चाक म्हणजे गाडीचं पायताण की गाडीचा पाय, यावर ढग डोक्यावर येईस्तोवर चर्चा झाली. आबांची सून धोंडाबाई, ती शेवटी वैतागून म्हणाली, “बैल का पाय धुऊन येत्यात? द्या हिकडं!” आणि तिनं दोन्ही चाकं घागरभर पाण्यानं धुतली, पुढच्याला हळदकुंकू लावलं आणि इंजिनाच्या पोटाखाली जुन्या लुगड्याची झोळी बांधली, तेल भातावर गळू नये म्हणून. “भाताला वास आला तर समदं तुमालाच खाया लावीन,” असं बजावलं. मग आबांनी दावं तिवड्याला आणि दुसरं टोक गाडीला बांधलं, चौघांनी ढकललं आणि मी फिरू लागलो.

भात सुटतं, मामा! टायरखाली लोंब्या अशा चुरचुर सुटतात, की बैलांना एक प्रहर लागता ते मी तासाभरात केलं. पाऊस आला तेव्हा शेवटची पाटी घरात जात होती. मी आनंदानं खाली उडी मारली ती अनवाणी पाय धुराच्या तापलेल्या नळीवर. पाव्हण्याचा पाय भाजला म्हणून धोंडाबाईनं कोरफड बांधली. म्हणजे आता ढकलत पळणं जमणार का? चार माणसांशिवाय माझी गाडी हलत नाही, आणि ती चार माणसं आपापल्या खळ्यांची धनी आहेत. गुरुवारी सकाळी शेजारच्या रखमाजीचं भात. दुपारी ऊन पडलं, वाटलं सुटलो, तर परत आभाळ, आणि महिपती, फिर. बैलांचा पत्ता लागला. ते वडिवळ्याला आबांच्या बहिणीकडे, सरुबाईकडे गेले आणि तिची भाताच्या पेंढ्यांची उडवी खाऊन बसले. तिनं उलट निरोप धाडला, की बैल आपल्या पायांनी आल्यात, आता माजी मळणी करूनच जात्याल.

असा काल गुरुवारचा दिवस मावळला. मी रुळांपलीकडे बुडणारा सूर्य फिरता फिरता चौतीस वेळा पाहिला. मला पाथर्डीची चावडी दिसू लागली. कारखान्यात दुसरा कोणी मुलगा घेतला असेल का, या विचारानं जेवण गेलं नाही. (नवा आंबेमोहोर होता, म्हणून थोडं गेलं. तीन वेळा वाढून घेतलं, पण चव लागली नाही.) गाडी ठीक आहे. म्हणजे, चाक फिरवणारा पट्टा थोडा घसरतो.

मामींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद, त्यांनी अक्षर सुधारावं.

आपला आज्ञाधारक, आणि गोल फिरून फिरून अजूनही गरगरणारा,
महिपती

ता. क. एक लहानशी विनंती. आपण कृपा करून चार दिवस आजारी पडावं. झालं असं, की काल सकाळी मी शरच्चंद्ररावांना कार्ड लिहिलं: मामा अत्यवस्थ, त्यामुळे मी नगरलाच अडकलो आहे. रेल्वेत काम करणारा गेणू ते घेऊन लोणावळ्याला गेला. कोणताही रोग चालेल, मी नाव लिहिलेलं नाही. निवड आपली.

ता. क. दुसरा, शुक्रवार संध्याकाळ. गेणू परत आला. निरोप असा: “सायेब म्हनलं, मामांना बगाया आईतवारच्या सकाळच्या गाडीनं नगरला निगतो.” ते इतके भले निघतील हे मला काय माहीत! तरी हे पत्र पोचताच अंथरूण घाला. मामींनाही सांगून ठेवा, नाहीतर त्या आपल्याला मंडईत पाठवतील.

ता. क. तिसरा, रविवार. हे पत्र टाकायचं राहिलं. (गेणूच्या मेहुण्याचं खळं होतं.) आज सकाळी मी फिरत असताना आगगाडी थांबली, आणि तिसऱ्या वळशाला मला खळ्याच्या कडेला शरच्चंद्रराव दिसले. चौथ्याला ते बूट काढत होते. पाचव्याला माझ्या शेजारून अनवाणी धावत होते. कार्डावर नगर लिहिलेलं, पण टपालाचा शिक्का नाही, आणणारा गेणू कान्ह्याचा, आणि शाईत भाताचं तूस चिकटलेलं. तेव्हा आधी हा रोग पाहू, मग नगरला जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. मी फिरता फिरता सगळं कबूल केलं, तीन वळसे लागले. ते नुसते धावत इंजिनाकडे कान लावून ऐकत राहिले. मग म्हणाले, पट्टा घसरतोय. मी म्हटलं, बुधवारपासून. ते म्हणाले, “न थांबता चालवता येते तुला, हे पाहिलं. खोटं तुला अजिबात जमत नाही, हेही पाहिलं. आता थांबवायला शिकायचं असेल तर पाय बरा झाला की ये.” आणि आबांनी दिलेला ताकाचा तांब्या पिऊन दुपारच्या गाडीनं परत गेले.

म्हणजे आता आपण आजारी पडण्याचं कारण उरलेलं नाही. फक्त एवढंच, की त्यांच्या पत्नी इंदिराबाई यांनी माझं कार्ड खरं मानून आपल्यासाठी काडेचिराइताचा बाटलीभर काढा करून धाडला आहे, तो या पत्रासोबत पाठवतो. मी बोट लावून पाहिलं, फार कडू आहे. पण मामा, मी यापुढे त्यांच्याच घरी जेवणार, आणि बाटली रिकामी परत आली पाहिजे असं त्यांनी बजावलं आहे. ओतून देऊ नये. खोटं बोलणं मी सोडलं आहे.