पाहुण्यांसाठी लिहिलेला पुठ्ठा

विराज,

होमस्टेवर चारला येणाऱ्या पाहुण्यांची सोलकढी फ्रिजमध्ये आहे. चादरी माडाखाली वाळत आहेत, तेवढ्या काढ.

सकाळी बंदराच्या उतारावर माझ्या सायकलचा ब्रेक लागला नाही. रस्ता दवाने ओला होता, म्हणून मी सायकल मुद्दाम कडेच्या दगडी गडग्यावर घातली. माझं खरचटण्यावर निभावलं. मागे बसलेल्या आपल्या गौरजाच्या हनुवटीला दोन टाके पडले. तुला चार वेळा फोन केला.

थंडीच्या हंगामात येणाऱ्या पाहुण्यांना माझी सायकल फिरायला देऊ नकोस, हे नोव्हेंबरपासून सांगतेय. "सायकलच ती, झिजतली काय?" असं तू हसून म्हणायचास. त्याच सायकलवरून मी रोज तिला बालवाडीत सोडते आणि पुढे शाळेत शिकवायला जाते.

आता कपडे न्यायला आले, तेव्हा हा पुठ्ठा खोपीत सापडला. काल तू तो पाहुण्यांसाठी हँडलला बांधलास आणि ते गेल्यावर काढून ठेवलास. मला मात्र काही बोलला नाहीस.

आम्ही आईकडे आहोत. न्यायला येऊ नकोस.

चिठ्ठी त्याच पुठ्ठ्याच्या मागे लिहितेय, उलटून बघ. "ब्रेक लागत नाही, उतारावर चालत जावे." खाली "काळजी घ्यावी" असंही लिहिलंयस.

शर्मिष्ठा