चाचीच्या नावानं

अम्मी, आज दुपारी एका मुलीनं तुम्हाला विचारलं, "चाची, तब्येत कशी आहे तुमची?" मी लिहिलं, "अल्लाच्या मेहेरबानीनं बरी आहे बेटा, तू जेवलीस का?" तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की दौंडच्या आपल्या गल्लीत तुम्हाला पाहिलेली माणसंसुद्धा शोधावी लागतात. पण फोनवर तुमची तब्येत ठणठणीत आहे. सर्दी नाही, खोकला नाही, दमा तर कधी नव्हताच. मीच ठेवली आहे तशी. मी चाळिशीला टेकले, सकाळी उठताना माझे गुडघे कुरकुर करतात, पण ते विचारणारं कुणी नाही. कारण मी आहे हेच कुणाला माहीत नाही.

आपण मणियार, बांगड्या भरणारे. पण दौंडपासून यवतपर्यंत तुम्ही सगळ्यांच्या नुसत्या चाची होतात. सकाळी डोक्यावर टोपली घ्यायची, पॅसेंजरनं यवत गाठायचं, नाहीतर एसटीनं न्हावरे. कुणाच्या ओसरीवर तुम्ही टेकलात की आजूबाजूच्या बायका हातातलं काम टाकून गोळा व्हायच्या. तुम्ही समोरच्या बाईचा हात हातात घेता, एकदा दाबून बघता, आणि माप न विचारता टोपलीतून नेमकी बांगडी काढता. मग म्हणता, "माहेर कुठलं गं बाई तुझं?" पहिला प्रश्न कायम हाच. बाई माहेराबद्दल बोलायला लागली की तिचा हात आपोआप सैल पडतो, आणि काच हाडावरून कधी सरकली ते तिला कळतसुद्धा नाही. हे तुम्ही मला शिकवलं नाहीत, मी बघून शिकले. डोहाळजेवणाला चाचीच पाहिजे असा बायकांचा हट्ट असायचा. चाचीचा हातगुण चांगला, तिनं हात भरले की बाळ-बाळंतीण सुखरूप, असं म्हणायच्या. तुम्ही त्यावर हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. अब्बा गेल्यापासून तुमचे स्वतःचे हात मोकळे होते, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर काचेचा एक लांब व्रण होता.

भाईजाननं स्टेशनजवळच्या गाळ्यात नेट कॅफे टाकला तेव्हा तुम्ही म्हणालात, टीव्हीसमोर बसायचे पैसे कोण देणार? पण पोरं आली. वेळ संपली तरी उठेनात, इतकी ती एका साइटला चिकटलेली असायची. एकमेकांना दोस्त करून घ्यायचं, एकमेकांच्या पानावर दोन ओळी लिहायच्या, फोटो बघायचे. भाईजानचं डोकं चाललं. "सगळं पब्लिक जिथं बसलंय तिथंच टोपली उतरवायची," तो म्हणाला, आणि त्यानं 'दौंडची बांगडीवाली चाची' असं पान काढलं. फोटो हवा होता. तुम्ही चक्क हात पदराखाली लपवलेत. "मोकळ्या हाताचा फोटू बांगडीच्या दुकानावर? येडा झालास का?" मग तुम्ही न्हावऱ्याला गेल्यावर त्यानं मला बसवलं, नुकतीच बारावी झालेल्या मला. तुमच्याच डब्यातला हिरवा चुडा माझ्या हातात कोपरापर्यंत चढवला आणि मोबाइलनं फोटो काढला. चेहरा नाही, फक्त हात. खाली लिहिलं, चाचीचा हात.

संध्याकाळी तुम्ही तो पडद्यावर बघितलात. घरात आपण आपली हिंदी बोलायचो, पण फार रागावलात किंवा फार माया आली की तुम्ही गिऱ्हाइकांच्या मराठीवर यायचात. "चुडा काय दाखवाया भरत्यात व्हय? चुडा भरला की पोरगी त्या घरची झाली. असा घालून काढत न्हाईत." मी अजून तो मिरवतच होते. तुम्ही मला मोरीपाशी बसवलंत, साबणाचं पाणी घेतलंत आणि एकेक बांगडी उतरवलीत. एकही वाढू दिली नाहीत. फुटली हा शब्द तुम्ही बांगडीबाबत कधी उच्चारला नाहीत. भाईजान मागून म्हणाला, "अम्मी, फोटो आता निघणार नाही हां, लई लोकांनी बघितलाय." मी खिदळत होते. आता त्या फोटोकडे बघितलं की हसू येत नाही. माझं लग्न त्याच दिवशी लागलं, त्या पानाशी, असं मला कधीकधी वाटतं.

पण ते पान तुम्हीच चालवलंत, हे भाईजान आजही कबूल करत नाही. त्याला 'खास ऑफर' लिहायचं होतं, 'त्वरा करा' लिहायचं होतं. दुपारी टोपली उतरवून तुम्ही माझ्याशेजारी स्टुलावर बसायचात, कारण फिरत्या खुर्चीवर तुम्हाला गरगरायचं. "तू लिख, मैं बोलती." पुण्याच्या, मुंबईच्या, कुठल्या कुठल्या परदेशातल्या मुली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या, मी वाचून दाखवायची. मी एकदा आपल्या मनानं 'धन्यवाद, पुन्हा भेट द्या' लिहिलं, तर तुम्ही कडाडलात. "मी काय किराणा मालाचं दुकान हाय का? तिला इचार, माहेर कुठलं?" मी तेच लिहिलं. त्या मुलीनं उलट भलंमोठं लिहून पाठवलं, आजोळ, विहीर, आईच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज. मग तुम्ही तिला मापाची युक्ती सांगितलीत, अंगठा आणि करंगळी जुळवून हात चिंचोळा करायचा, बोटांच्या मुळाशी दोरा गुंडाळायचा आणि तो पट्टीवर मोजून कळवायचं. तिच्या लग्नाचा चुडा आपण भुशात पॅक करून पाठवला. तिनं तिच्या मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी त्यांच्या. एकीलाही उत्तर द्यायचं तुम्ही चुकवलं नाहीत. माल कुणीही पाठवील, पण कॉम्प्युटरमधून माहेर विचारणारी बाई त्यांना दुसरी कुठं मिळणार होती?

आणि मला नर्स व्हायचं होतं. पुण्याला नर्सिंगला माझा नंबर लागला तेव्हा भाईजान म्हणाला, "मग टायपिंग कोण करणार?" तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. दुसऱ्या दिवशी यवतहून येताना तुम्ही घड्याळ आणलंत, पांढऱ्या तबकडीचं, सेकंदकाटा असलेलं. "नर्सला बांगड्या चालत न्हाईत म्हनं. मग हातात कायतरी पायजे का नगं?" साऱ्या तालुक्याचे हात भरणाऱ्या बाईनं आपल्या मुलीच्या हातात घड्याळ बांधलं. पट्टा सैल होता, तुम्ही सुई तापवून त्याला नवं भोक पाडलंत. मला तेव्हा वाटलं, आता मला कुणी अडवू शकत नाही.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच तुमचा दमा उसळला. आणि मग तुम्ही नव्हतात. घरात माणसं, बाहेर माणसं, यवतच्या एक आजी तर एवढ्या लांबून येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. तुम्ही त्यांच्या लेकींचे हात भरले होते. चार-पाच दिवसांनी भाईजान दबकत म्हणाला, "लग्नाच्या ऑर्डरी अडकल्यात. फक्त एवढंच टाक, चाचीची तब्येत बरी नाही." खोटं वाटलं नाही मला. तब्येत बरी नव्हतीच ना तुमची? मी टाकलं, आणि अम्मी, तुम्ही बघायला हव्या होतात त्या बायका. एकीनं तुमच्यासाठी संकष्टी धरली. एकीनं दर्ग्यात चादर चढवली. एकीनं खोकल्याचा काढा कसा करायचा ते लिहिलं. रोज विचारायच्या, चाची बऱ्या आहेत का? एवढ्या जणी तुमच्यासाठी देवाला हात जोडून बसलेल्या, त्यांना मी काय लिहू? बोटं कीबोर्डवर ठेवली आणि लिहिलं, "आता बरी आहे बेटा. तू जेवलीस का?" त्या दिवशी तुम्ही पुन्हा जिवंत झालात आणि मी अडकले.

मग नुसती उत्तरं. या वर्षी नको, पुढच्या वर्षी जा, भाईजान म्हणायचा. वाईट नाही हो तो, माझ्यासाठी रोज गरम जिलबी आणायचा, माझ्या खुर्चीला गादी करून घेतली. पिंजऱ्यातल्या पोपटाला पेरू देतात तशी. दिवसभर मी बेटा लिहायची, माझ्याच वयाच्या मुलींना. कुणी नवऱ्याबद्दल विचारायची, कुणी सासूबद्दल. माहेर सोडून लांब नोकरीला जाऊ का, असं कितीतरी जणींनी विचारलं, आणि प्रत्येकीला मी लिहिलं, "जा बेटा, चाचीची दुवा आहे." लिहून झालं की मनगटावरचं घड्याळ बघायची.

त्यातलीच एक पुण्याची मुलगी, तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तसं ती रोज लिहायची. सातव्या महिन्यात तिनं लिहिलं, "चाची, मी दौंडला येते. तुमच्याच हातानं भरा." मी चाची गावाला गेल्याचं लिहिलं, ती म्हणाली थांबते. मी चाचींना ताप असल्याचं लिहिलं, ती म्हणाली भेटूनच जाते. भाईजान म्हणाला, ओढणी पुढं घे, कमी बोल आणि भर हात. ठरल्या दिवशी ती दारात आली आणि तिच्या मागून तिची सासू आत आली. यवतच्या त्याच आजी! अम्मी, मला भाईजानचा चेहरा बघवत नव्हता, पण मला आतून इतका आनंद झाला की काय सांगू. आजी आता सगळ्यांसमोर बोलणार, चाची तर कधीच गेली. सुटले एकदाची, मला वाटलं. मी मनातल्या मनात पुण्याची गाडीसुद्धा पकडली.

आजींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग सुनेला म्हणाल्या, "ही बघ चाची. बस फुडं."

सून गोंधळली. "मला वाटलं चाची वयानं मोठ्या असतील."

"चाची म्हंजी काय म्हातारीच आसाया पायजे का? हात दे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तेवढं घड्याळ काढून ठेव बाई. लागंल तिला."

मी घड्याळ काढलं. तिचा हात गार पडला होता, काठीसारखा ताठ. मी आयुष्यात कुणाचे हात भरले नव्हते. दाबून बघितला, तुम्ही बघायचात तसा, आणि तोंडातून तुमचाच आवाज निघाला, "माहेर कुठलं गं बाई तुझं?" ती बोलायला लागली. शिरूरकडचं कुठलंसं गाव, कांद्याची वखार, तिथं लपायची म्हणाली. हात सैल पडला. बांगड्या एकेक करून सरकत गेल्या, शेवटची माझ्या बोटांनाही कळली नाही. ती पोट सांभाळत वाकून माझ्या पाया पडली आणि रडायला लागली. मीही रडत होते, पण तिला वाटलं ती दुवा आहे.

निघताना आजी दारात मागं राहिल्या. हळू म्हणाल्या, "फोटू बघितला तवाच वळखलं मी, हात तुझा. चाचीच्या बोटाला व्रण व्हता. ह्या हाताला न्हाई."

"मग बोलला का नाहीत आजी?"

"तिची दोन बाळं गेली, पोरी. रातभर जागी आसायची, तुमचं उत्तर आलं की झोपायची. तिला चाची पायजे व्हती. आता मी कुठनं आणू चाची?" त्यांनी माझा हात धरला. "तू हायस की."

त्या मायेनं बोलल्या, मला माहीत आहे. पण जेलचं दार बंद होताना तोच आवाज येत असेल. भाईजाननं अडवलं तर मी भांडले असते. आजींशी कशी भांडू? बाळ सुखरूप झालं. तिनं बाळाच्या मुठीचा फोटो पानावर टाकला, खाली लिहिलं, चाचीचा हातगुण. पाठोपाठ इतक्या जणी आल्या की भाईजाननं कॅफे बंद करून सगळ्या गाळ्यात बांगड्याच मांडल्या. त्या वर्षी नर्सिंगला पुन्हा नंबर लागला होता. मी गेले नाही.

ती साइट पुढं बंद पडली. मला वाटलं, आता तरी. भाईजाननं सगळं उचलून दुसरीकडे मांडलं, फोनवर, फोटो तोच. त्या फोटोतला हात आता माझाही राहिलेला नाही, इतका कोवळा आहे. 'अम्मी आता नाहीत, मी त्यांची मुलगी' असं कितीदा तरी लिहून ठेवलं आणि पुसलं. भाईजान थकलाय, आता तो अडवणारही नाही. तरी पुसते. खरं सांगू? तुम्ही फक्त तिथंच बोलता, अम्मी. मी तुमच्यासारखं लिहिते तेव्हा मला तुमचा आवाज ऐकू येतो, स्टुलावरून. तुम्ही गेलात असं लिहिलं तर त्या सगळ्या रडतील आणि विसरतील, आणि मग मला तुम्ही कुठं ऐकू येणार? दार कधीचं उघडं असेल. मी कडी लावून आत बसले आहे.

हे सगळं मी तुमच्याच पानावर, तुमच्याच नावाला लिहिते आहे. एक बटण दाबलं की पोचेल. पोचेल म्हणजे माझ्याच मांडीवरचा फोन वाजेल, आणि उत्तर मलाच द्यावं लागेल. तुमच्यासारखं द्यायचं तर पहिला प्रश्न ठरलेला आहे, माहेर कुठलं गं बाई तुझं? सगळ्यांना विचारते मी. मला कुणी विचारलं तर काय सांगू, अम्मी? माहेर असायला आधी घर सोडून जावं लागतं. म्हणून पाठवत नाही.