कडब्याच्या गंजीतला ससा

साखरा, चैत्र वद्य एकादशी, शके १८६४

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी बंडोपंताचा नमस्कार.

मोटार बाळगणाऱ्या माझ्या समस्त आप्तबंधूंनो, (म्हणजे दाजी, तुम्ही एकटेच, आपल्या दोन्ही घराण्यांत दुसऱ्या कोणाकडे मोटार नाही, पण अनेकवचनाशिवाय मला सुरुवात करता येत नाही) आज जो अन्याय चालला आहे तो आपणा दोघांवर सारखाच चालला आहे. तुमच्याकडे वाशीमला चिठ्ठीवर का होईना पेट्रोल मिळतं, पण मोटार नाही. माझ्याकडे मोटार आहे, पण पेट्रोलचा थेंब नाही. आणि ती ज्या देशात जन्मली त्या देशाने मार्गशीर्षात लढाई पुकारल्यापासून, ती ज्याच्या दारात उभी तो माणूस त्या देशाचा जावई ठरतो आहे. गंगूताईचे गुडघे कसे आहेत? निर्गुडीचा शेक चालू ठेवावा. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याची रीत आहे, ती मी मोडतो. मला जेवण जात नाही. दाराची कडी वाजली की मी मागच्या दाराने गोठ्यात जातो आणि कोण आलं ते कालिंदीने येऊन सांगेपर्यंत बैलांच्या पलीकडे उभा राहतो. परवा मी असा बराच वेळ उभा होतो, आणि दारात ताक मागायला आलेली शेजारची शालूबाई होती.

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. आमचा सालदार सोनाजी ते तुमच्या हाती देईल. हल्ली पत्रं फोडून वाचतात असं ऐकतो. सोनाजीचीही वाटेत कुणी झडती घेतली तर काय, म्हणून यापुढे मी मोटारीला 'म्हैस' म्हणणार आहे. (मोटार हा शब्द वर तीन-चारदा येऊन गेला आहे हे आत्ता लक्षात आलं. ती पानाची बाजू वाचून झाल्यावर जाळावी.)

तुम्हाला आठवतंच, दिवाळीनंतर तुम्ही म्हैस घेऊन आलात आणि आपण नरसीला गेलो. यात्रेकरू जमले होते, सभेची परवानगी नव्हती, आणि मी म्हशीच्या पायरीवर चढून बोललो. त्या दिवसासारखा मी पुन्हा कधी बोललो नाही. तुम्ही मला जे माहितीपत्रक वाचायला दिलं होतं ते मी रात्रंदिवस घोकलं होतं. डेन, आओयामा आणि ताकेउची या तिघा जपान्यांनी पैसा घातला, त्यांची पहिली अक्षरं जुळवून 'डॅट' झाली. पुढे तिच्यापेक्षा लहान गाडी निघाली म्हणून ती डॅटची लेक... म्हणजे लेकच म्हणायचं, ते मुलगा म्हणतात, इंग्रजीत 'सन', आणि ते शेपूट डॅटला लावलं. पण त्यांच्या भाषेत त्या शेपटाचा अर्थ तोटा असा निघतो म्हणून त्यांनी वर्षभरात मुलाला उठवून त्याच्या जागी सूर्याला (इंग्रजीत तोही सनच) बसवलं आणि ती 'डॅटसन' झाली. (हे ऐकून तुम्ही गर्दीतून मान हलवली होती. सरकीच्या व्यापाऱ्यालाच ही गोष्ट एवढी पटणार.) मी सांगितलं की तिथे एवढी लहान गाडी चालवायला परीक्षासुद्धा द्यावी लागत नसे, शिंप्याने घ्यावी, वैद्याने घ्यावी, दुकानदाराने घ्यावी. तिच्या नाकावरचा तो झेप घेणारा रुपेरी ससा मी लोकांना दाखवला. म्हणालो, विलायतेतल्या माणसाने हत्तीएवढी मोटार केली आणि ती राजाला विकली, पण आपल्यासारख्या भात खाणाऱ्या माणसाने सशाएवढी केली आणि शिंप्याला विकली. लोक हरखले. त्याच जपान्यांनी चीनमध्ये काय अनर्थ मांडला आहे त्यावरही मी बोललो होतो, चांगला घसा कोरडा होईपर्यंत बोललो होतो, पण ते आता कुणालाही आठवत नाही. सगळ्यांना आठवतं ते शेवटचं वाक्य. मी हात उंचावून म्हणालो होतो, "आज त्यांची मोटार आपल्या दारात आली आहे, उद्या ते स्वतः येतील."

दाजी, माझ्या मनात कारागीर होते. ते येतील, आपल्या पोरांना लोखंड वळवायला शिकवतील, असं मला म्हणायचं होतं. हे वाक्य मी बोललो तेव्हा पोलीस अमीन शंकरसिंग पहिल्या रांगेत उभे होते आणि त्यांनी मान डोलावली होती. आणि आता या आठवड्यात विशाखापट्टणवर बॉम्ब पडले. म्हणजे ते स्वतः आले.

तर झालं असं की नरसीहून परतताना पेट्रोल संपलं, तुम्ही म्हैस माझ्याकडे ठेवून बैलांच्या दमणीतून वाशीमला गेलात आणि चार दिवसांत पेट्रोल पाठवतो म्हणालात. त्या चार दिवसांत जगाचं काय झालं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच आहे. तेव्हा ज्वारीची कापणी होऊन कडबा घरी येत होता. मी सोनाजीला बोलावलं. गाव सेनगावच्या बाजाराला गेलेलं असताना आम्ही बैल जुंपून म्हैस परसात ओढून नेली आणि तिच्याभोवती गंजी रचली. सोनाजी पेंढ्या देता देता म्हणाला, "मालक, जनावराच्या पोटात कडबा जाताना लई डाव पाह्यला. कडब्याच्या पोटात जनावर आजच पाहून राहिलो." मी त्याला गप्प बसायला सांगितलं. गावात म्हैस मालकाकडे परत गेली असं सांगितलं. मी खोटं बोललो, पण सोनाजीने गंजी अशी सुबक रचली की मला माझ्या खोट्याचा अभिमान वाटला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आमचे बैल दरवर्षी परसातल्या गंजीलाच बांधतात, हे रोज डोळ्यांसमोर असून माझ्या ध्यानात आलं नाही. (मी त्या दिवसांत युरोपच्या घडामोडींवर वाचत होतो.) बैल खात गेले. शिमग्याच्या सुमारास सकाळी शालूबाई शेण न्यायला आली आणि गंजीपुढे हात जोडून बसली. बैलांनी पुढचा कडबा नेमका नाकापर्यंत खाल्ला होता आणि कोवळ्या उन्हात गंजीच्या पोटातून ससा झेप घेत होता. बाकी म्हैस आत झाकलेली. नुसता ससा बाहेर, चकचकीत, पुढचे पाय उचललेला.

मी पोचेपर्यंत तिने त्याला शेंदूर लावला होता. मी पेंढी उचलून तो झाकायला गेलो, तर ती आडवी आली. "देवाचं तोंड काहून झाकून राहिलात, भाऊ? सोताहून वर आला हाय त्यो." तोवर बायका जमल्या होत्या. दगडाला शेंदूर फासण्याविरुद्ध मी या गावात, पुसेगावात आणि हिंगोलीच्या बाजारात बोललो आहे, ते सगळ्यांना पाठ आहे. मी पेंढी घेऊन उभा आहे म्हणजे पंत देवावर उठले, असाच सगळ्यांचा समज झाला. मीही पेटलो. परसातल्या उखळावर चढलो आणि म्हणालो, "बंधुभगिनींनो, हा देव नव्हे. हा—"

आणि दाजी, पुढचा शब्द काय होता ते तुम्ही जाणता. तो उच्चारला असता तर संध्याकाळपर्यंत हिंगोलीला पोचला असता आणि सकाळी अमीन माझ्या दारात आले असते. आयुष्यात प्रथमच माझं वाक्य अर्ध्यावर थांबलं. सगळं परस माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी म्हणालो, "हा... फार जागृत आहे." आणि उखळावरून खाली उतरलो. कालिंदी दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. ती रडत होती की हसत होती हे मी अजून विचारलेलं नाही.

पंतांसारखा माणूस जागृत म्हणाला, याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. नाव ससोबा पडलं. मंगळवारी बायका येऊ लागल्या, नंतर पुसेगावहून बैलगाड्या येऊ लागल्या. शेंदरावर शेंदूर, तेलावर तेल. आधी मला रोज ताप भरल्यासारखं व्हायचं. मग एके दिवशी निरखून पाहिलं तर शेंदराचा थर इतका चढला होता की तो ससा आहे की मारुतीचा पाय आहे हे जन्मदात्या जपान्यालाही ओळखता आलं नसतं. तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. अंधश्रद्धेच्या विरोधात जन्मभर झिजलेल्या माणसाला शेंदराच्या आडोशाला झोप लागावी, यावर मी फार विचार केला, आणि विचार करता करता झोपलो.

पाडव्याच्या पुढेमागे अमीन शंकरसिंग आले. घोडा बांधला, बाजेवर बसले, अगदी गंजीकडे तोंड करून. "पंडितजी," म्हणाले, "तुमची ती जपानी गाडी किधर हाय?" मी म्हणालो वाशीमला, मालकाकडे. म्हणाले, "बराबर. जिसकी गाडी उसके घर." इतक्यात शालूबाई प्रसाद घेऊन आली आणि तिने अमीनसाहेबांना ससोबाची सगळी हकीकत सांगितली, माझ्या 'जागृत'सकट. अमीनांनी बूट काढले. गंजीपुढे गेले, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा नवस बोलले: परभणीला बदली होऊ दे, इथली हवा मानवून नाही राहिली, बदली झाली तर पक्का चबुतरा बांधीन. त्यांचं कपाळ म्हशीच्या नाकापासून चार बोटांवर होतं. गंजीत कुठे तरी पत्र्याचा टक्क आवाज झाला. उन्हाने पत्रा फुगला असणार, हे मला शास्त्राने ठाऊक आहे. अमीन मागे वळून म्हणाले, "हुंकार दिला."

दाजी, बदली झाली. कालच हुकूम आला. अमीन स्वतः पेढे घेऊन आले आणि म्हणाले की वैशाखी पौर्णिमेला गवंडी आणतो, ही गंजी हलवून घेतो आणि ससोबाभोवती दगडी चबुतरा बांधूनच परभणीला जातो. एवढ्यावर थांबले नाहीत. त्या दिवशी पंडितजींचं भाषण झालंच पाहिजे, परवानगी मी देतो, असंही म्हणाले. आजवर परवानगीवाचून बोललो म्हणून मी मार खाल्ला, दाजी, आणि पहिली परवानगी मिळाली ती माझ्याच पुराव्यावरचा कडबा उपसला जात असताना उभं राहून बोलण्याची. मी कल्पना करतो: पहिली पेंढी निघते, दिवा दिसतो. दुसरी निघते, काच दिसते. आणि मी उखळावर उभा राहून सांगतो आहे की उद्या ते स्वतः येतील. तुरुंगाला मी भीत नाही असं मी अनेक सभांतून सांगितलं आहे. त्या सभांत कालिंदी नसायची. ती काल माझी एक धोतरजोडी वेगळी बांधून ठेवत होती, आणि ते पाहून माझ्या लक्षात आलं की मी भितो.

तेव्हा पौर्णिमेआधीच्या बाजाराच्या दिवशी, गाव सेनगावला गेल्यावर, डब्यात पेट्रोल घेऊन दमणीने या आणि आपली म्हैस घेऊन जा. सोनाजीने गंजीची मागची बाजू पोकळ करून ठेवली आहे. चाकांतली हवा तेवढी भरावी लागेल. (म्हशीच्या पायांतली.)

तुमचा,
बंडोपंत

ता. क. वर 'आपली म्हैस घेऊन जा' असं लिहिलं आहे, त्यात एक दुरुस्ती आहे. म्हैस न्या, पण ससा इथे राहील. म्हैस गेली आणि ससोबाही गेला तर गवंडी आल्यावर गावाला मी काय सांगू? पोलिसांच्या हातून सुटेन, शालूबाईच्या हातून सुटणार नाही. सोनाजीने भोक पाडलेला एक दगड तयार ठेवला आहे, त्यावर तो नीट बसतो. तुम्ही त्या सशाला आपल्या उपरण्याच्या टोकाने पुसायचात ते मी पाहिलं आहे, म्हणून हे मागताना मला जड जातं. तुमची गाडी सशावाचूनही तेवढीच धावेल. ती फार गुणी आहे, गेले चार महिने एका शब्दाने बोलली नाही. (हुंकार सोडून.)

ता. क. दुसरा. अमीनसाहेबांची बदली व्हावी म्हणून आणखी एक नवस झाला होता, हे गंगूताईला तिच्या वहिनीकडून कळेलच. तो कालिंदीने केला होता. मी फक्त नारळ धरला होता. तो फुटला तेव्हा डोळे मिटले होते, ते पाणी उडेल म्हणून.

ता. क. तिसरा, आणि एवढंच लक्षात ठेवा, बाकी पत्र जाळा. सशाचं बूड आतून पेचाने आवळलेलं आहे आणि माझ्याकडच्या सांडशीने ते हलत नाही. काल हात घातला तर शालूबाई म्हणाली, देवाचे पाय चेपून राहिलात का, भाऊ. तुमच्या हत्यारांच्या पेटीतला सगळ्यात लहान पाना घेऊन या.