ज्या गाण्याला तुम्ही नाक मुरडायचात

प्रिय गुंटरकाका,

तुम्हाला मराठी येत नव्हतं, तरी मराठीतच लिहितोय. दमल्यावर मला दुसरी भाषा सुचत नाही. तुमच्या मुलीचा फोन आला होता. शुक्रवारी बुदैया गावातल्या तुमच्या घरी तुमच्या आठवणीसाठी माणसं जमणार आहेत आणि पियानोवर मी बसायचंय. काय वाजवू, विचारलं, तर म्हणाली, "अरे, तेच गाणं!"

तेच! सीफ भागातल्या हॉटेलात मी रोज वाजवतो, ते. वाजवून वाजवून वीट आलाय हो मला. आणि तुम्हाला तर ते कानांवरही नको असायचं. म्हणायचात, "जर्मनीत उभा जन्म सिनेमांना संगीत दिलं, आणि लोकांना आठवतं काय? एका दुपारी खरडलेलं गाणं!"

पण काका, सिनेमातलं संगीत वेगळं ऐकू आलं तर ते फसलं, असं मला तुम्हीच शिकवलंत ना? मग लोकांनी ऐकलं नाही म्हणून रुसायचात कशाला?

आमच्याकडे गणपतीला आलात, आठवतं? झांजा एका तालात, टाळ्या दुसऱ्या, आणि शेजारचे सावंत सगळ्यांच्या एक कडवं पुढे. मी शरमेनं अर्धा झालो. तुम्ही मात्र रंगात येऊन टाळ्या पिटत होतात. आरती संपल्यावर विचारलंत, "ही चाल कुणाची?" बायको म्हणाली, "पूर्वीपासूनचीच आहे की!"

"म्हणजे चाल करणारा जिंकला!" म्हणत तुम्ही पोट धरून हसलात.

घरी सोडताना मात्र गाडीत सिग्नलला हळूच म्हणालात, "मला नाव हवं होतं रे, सुहास." मी इथल्या अरबांसारखं इंशाल्ला म्हणून वेळ मारून नेली.

हल्ली हॉटेलात माझ्या चुका काढायला कुणी नसतं. परवा अख्खी ओळ चुकलो. कुणी मानसुद्धा वळवली नाही. किती एकटं वाटलं म्हणून सांगू!

शुक्रवारी तेच गाणं वाजवीन. रागावू नका. माणसं बेसूर का होईना, गातील. त्यांना तुमच्यासाठी काहीतरी करायचंय. पण गाणं संपलं की मी उठून उभा राहीन आणि ही चाल कुणाची ते सांगेन. तुमचं पूर्ण नाव घेऊन, अगदी मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं.

तुमचा,
सुहास