रविवारची बैठक

मु. पो. पिंपळगाव राजा
दि. १९ जानेवारी १९६५

ती. गीताबाईस,
धाकट्या उत्तमचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. आपल्या रुख्मिणीला वडनेर भोलजीच्या अर्जुनरावांकडून मागणी आली, मुलगा शेती बघून मॅट्रिक झालेला आहे, हे वाचून आम्हा दोघांना फार आनंद झाला. मामाला नवरीमागे उभं राहायचं असतं, म्हणून मी आतापासूनच ताठ उभं राहायची सवय करतो आहे. माणिकराव भावजींना सांग, पंगतीत माझी वांग्याची भाजी दोन माणसांची धरा.

तू विचारलंस की तुझी भावजय कोकिळा अजून भजनाला जात नाही का. नाही जात. आमची लेक वच्छा घटसर्पाने गेली त्याला गेल्या भादव्यात दोन वर्षं झाली. त्यानंतर सहासात महिन्यांनी कोकिळेने देव पुसून कापडात बांधले आणि पेटीत ठेवले. खरं सांगतो बाई, माझाही विश्वास तेव्हाच गेला होता, पण कबूल करायला तिच्याइतकी हिंमत नव्हती.

मात्र दिवाळीत ती एकदा म्हणाली की देव गेला त्याचं मला काही वाटत नाही, पण शुक्रवारच्या बाया गेल्या त्याचं वाटतं. एकत्र बसणं, गाणं, कोणाचं काय दुखतंय ते विचारणं, उठताना हातावर पडणारे फुटाणे. हे मला देवाशिवाय कोणी देईल का, असं तिने विचारलं. कापसाची खोली रिकामी झाली तेव्हा मी तिथे दोन सतरंज्या टाकल्या. आता दर रविवारी दुपारी चारला आम्ही बसतो. पहिल्या वेळी चौघं होतो, परवा तेरा.

माणिकरावांना नमस्कार. आठवण ठेव आणि ओरडायचं असेल तर पत्रातून ओरड.
तुझा, उत्तम


मु. पो. धामणगाव बढे
दि. २ फेब्रुवारी १९६५

चि. उत्तमले,
गीताबाईचे अ. उ. आ.

मी सांगून राह्यली अन् रुखमी लिहून राह्यली. तुह्यं पत्र ऐकलं अन् मले दोन दिवस जेवन गोड लागलं नाही. कोकिळेचं दुख मले समजते. वच्छाले मीही मांडीवर घेतलं होतं. पन देव पेटीत घालून मानसं गोळा करायची, हे काय होये? तुम्ही तिथं बसून हात कोनाले जोडता? भिंतीले? अन् हात जोडत नसान तर मंग बसता काऊन?

इथं बाजारात एका मानसानं तुह्या भावजींले इचारलं का तुमच्या साळ्यानं नवा पंथ काढला म्हने. हे दुकानातून उठून घरी आले, तोंड एवढंसं झालेलं. सोयरीक ठरून राह्यली आहे, हे ध्यानात ठेव बाबा. मी काही तुले आज ओळखत नाही. लहानपनी तू एकदा रुसला का दुपारपासून सांजलोक तुरीच्या वावरात बसून राहाचा. हे तसंच रुसनं असन तर लवकर सोड.

कोकिळेले जवळ घेऊन मी इचारलं म्हून सांग.
तुही बाई, गीता

ता. क. मामा, हे मी माझ्या मनचं लिहिते. आईला दाखवणार नाही. तुम्ही तिथे गाणी कोणती म्हणता ते कळवा. रुख्मिणी.


मु. पो. पिंपळगाव राजा
दि. २१ फेब्रुवारी १९६५

ती. गीताबाईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला, त्यातली माया पण पोचली. हे रुसणं नाही, बाई. आम्ही काय करतो ते सांगतो, मग तूच ठरव.

आधी गाणं होतं. जात्यावरच्या ओव्या, पेरणीची गाणी, शाळेतल्या कविता, ज्याला जे येतं ते. मग प्रत्येकाने आपल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. मग थोडा वेळ सगळे गप्प बसतात, आणि शेवटी गुळशेंगदाणे. सोजराबाई नावाची एक विधवा बाई आहे, हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नाही. तिला पहिल्यांदा विचारलं की तुमचा आठवडा कसा गेला, तर ती आपल्या गाईच्या वेताबद्दल अर्धा तास बोलली. शेवटी रडायला लागली आणि म्हणाली की नवरा गेल्यापासून हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

इंद्रभानबुवा मात्र पक्के माळकरी. ते येतात आणि गप्प बसायच्या वेळी मोठ्याने विठ्ठल विठ्ठल म्हणतात. दोघातिघांनी तक्रार केली. कोकिळेनेच सांगितलं की म्हणू द्या, इथे नाव घ्यायची सक्ती नाही, तशी न घ्यायचीही नाही. पुढे बुवा तापाने पडले तेव्हा बैठकीतल्या अकरा जणांनी त्यांचा हरभरा सोंगून खळ्यावर आणून टाकला. बुवा म्हणतात की हे विठ्ठलाने केलं. आम्ही म्हणतो, बरं.

तू विचारलंस की हात कोणाला जोडता. जोडत नाही, बाई. हरभरा सोंगायला मोकळे लागतात. (आता पुन्हा ओरडशील.)

मोठेपणाने सांभाळून घे.
तुझा, उत्तम


मु. पो. धामणगाव बढे
दि. २० मार्च १९६५

चि. उत्तमले आशीर्वाद.

हे पत्र मी सोता लिहून राह्यली. रुखमीले दाखवाचं नाही. अक्षर वाकडं आहे, लावून वाच.

वडनेरहून निरोप आला. अर्जुनराव म्हनते का ज्या घरी देव बांधून ठेवले त्या घरचा मामा नवरीमागं उभा चालनार नाही. नाहीतर त्यानं लगनाआधी जोडीनं बसून सत्यनारायन घालावा, गावाले प्रसाद वाटावा अन् ते बैठक बंद करावी. हे मंजूर नसन तर त्याईले दुसऱ्या दोन पोरी सांगून आल्या आहेत. मुलगा चांगला आहे रे. रुखमीनं त्याले पाह्यलं अन् ती दिवसभर उगीचच हासत होती.

उत्तम, मी तुले कधी काही मांगितलं नाही. एक पूजा घालाले काय जाते? मनात नसन तर नसो, हात तर हालव. तुहे भावजी तं म्हनते का दुसरा मामा उभा करू. पन मले सख्खा भाऊ असून माह्या पोरीमागं परका मानूस काऊन उभा राहीन?

उत्तर टपालानं लवकर धाड.
गीता


मु. पो. पिंपळगाव राजा
दि. २७ मार्च १९६५

ती. गीताबाईंस,
भावजय कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

बाई, हे पत्र मी यांना न विचारता लिहिते. तुमच्या पत्राचं उत्तर ते चार दिवसांपासून लिहून फाडून राह्यले. म्हणून खरं काय ते मीच सांगते.

ते पूजेला तयार झाले होते. रुख्मिणीसाठी बैठक बंद करायलाही तयार झाले. केळीचे खांब कुठून आणायचे तेही त्यांनी ठरवलं. नाही म्हटलं ते मी. जोडीने बसायचं तर शेजारी मी लागणार ना.

तुम्ही म्हणाल, काऊन एवढी अडून बसली. मी ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. वच्छाचा गळा सुजला तेव्हा हे तिला खामगावच्या दवाखान्यात घेऊन गेले अन् मी मागे राहून देवीला नवस बोलून नदीच्या पाण्यात उभी राहिली. पहाटेपर्यंत उभी होती. ती गेली. तेराव्यानंतर मी भजनाला गेली, तर तिथल्या बायांनी मला समजावलं. मायेनेच समजावलं. म्हणाल्या का कोकिळा, तुझ्या नवसात काहीतरी राहिलं असेल, नैवेद्याला हात चांगला धुतला नसेल, आठवून पाह्य. बाई, मी सहा महिने आठवत होती. रोज आठवत होती का माझ्या हाताचं काय चुकलं. एक दिवस समजलं का हे असं आठवत राहिली तर मी जगणार नाही. त्या दिवशी मी देव पेटीत ठेवले. कोणाचा राग म्हणून नाही.

मी यांना सांगितलं का माझी तब्येत बरी नाही म्हणून सांगा अन् एकटे बसा. तर म्हणाले का मी एकटा बसलो तर गाव म्हणेल कोकिळेचीच चूक होती, अन् ते मी म्हणू देणार नाही. तेव्हा आम्ही दोघंही लग्नाला येत नाही. दुसरा मामा उभा करा. रुख्मिणीचं लुगडं अन् चोळी नांदुऱ्याच्या माणसाबरोबर पाठवते. तिला काही कळू देऊ नका. तिचं हासू तसंच राहू द्या.

रागावल्या तरी आपली म्हणा.
कोकिळा


मु. पो. धामणगाव बढे
दि. ९ एप्रिल १९६५

चि. कोकिळेले अन् चि. उत्तमले,
अनेक आशीर्वाद.

कोकिळे, आधी माफी मांगतो. तुह्यं पत्र मी तुले न इचारता दुसऱ्याले वाचून दाखवलं. हा गुन्हा माह्या एकटीचा. राग आला तर मले बोल.

पत्र आलं त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. भावजींले वाचून दाखवलं. सकाळी उठून त्याईनं धुतलेलं धोतर नेसलं अन् मले म्हनाले का चाल वडनेरले, सोयरीक राहीन नाहीतर जाईन, पन ज्याच्या घरी पोरगी द्याची त्याले हे समजलं पाहिजे. मलकापूरले मोटार बदलून आम्ही दुपारी पोचलो.

अर्जुनराव ओसरीत बसले होते. चहा झाला. मी पदर सारखा केला अन् पत्र वाचाले लागली. पान्यात उभं राह्यल्याचं आलं तिथं माह्याच्यानं पुढं वाचवेना. भावजींनी कागद घेऊन शेवटलोक वाचला. अर्जुनराव खाली पाहून राह्यले होते. मंग म्हनाले का दुख झालं हे खरं, पन रीत ते रीत असते, उद्या लोक मले इचारतीन.

तेवढ्यात आतलं दार वाजलं. त्याईची बायको तानुबाई बाहेर आली. बोलनी ठरवाले आम्ही आलो होतो तव्हा या बाईचं तोंडही मी पाह्यलं नव्हतं. ती नवऱ्यासमोर उभी राह्यली. म्हनाली का माह्या दोन पोरी गेल्या, तव्हा तुमच्या मायनं मले हेच सांगतलं होतं का तुह्या नवसात काहीतरी राह्यलं. चौदा वर्सं झाली, मी अजून शोधूनच राह्यली, अन् तुम्हाले कधी सांगतलं नाही. आता सांगतो. पोरीमागं तिचा मामाच उभा राहीन. अन् मामी माह्या शेजारी बसन.

अर्जुनराव तिच्याकडं पाहतच राह्यले. तीस वर्सं संसार करून त्याईले हे आज समजलं. मंग म्हनाले का पूजेचं राहू द्या, बैठकीचंही राहू द्या, लगनाची तारीख लिहून घ्या. वैशाखातली दशमी काढली.

उत्तम, मी काही बदलली नाही. माह्या घरचा देव्हारा जिथं आहे तिथंच राहीन, अन् तुह्यासाठी दिवा लावल्याबिगर मी राहनार नाही. तुले चालन का नाही हे मी इचारत नाही. कोकिळे, तू दोन दिवस आधीच ये, हळद दळाची आहे.

एक सांगाचं राह्यलं. आम्ही निघालो तं तानुबाई मोटारीलोक पोचवाले आली. मोटार सुटाच्या टायमाले खिडकीजवळ आली अन् हळूच इचारलं का ते बैठक रविवारी किती वाजता सुटते, अन् तव्हा वडनेरले परत याले मोटार भेटते का. मी म्हटलं, नाही भेटत. पन माह्या भावजयीच्या घरी झोपाले जागा आहे.

आहे ना व, कोकिळे?
तुम्हा दोघाईची, गीताबाई