रूपीची उपसूचना

नरपड
१८ फेब्रुवारी २०१८

प्रिय रूपी,

तुझ्या पाड्यावरच्या बैठकीतून परतले ती तुझंच कौतुक करत. आई म्हणाली, आता पुरे, तिला दृष्ट लागेल. पण खरंच, बाई, कमाल केलीस तू!

इथे घरात सध्या माझ्या लग्नाचाच विषय आहे. बोर्डीचा प्रितेश, चिकूची वाडी, माणूस मनमिळाऊ. मला आवडलाय, हे तुला आधीच कळलं असेल. पण त्यांच्याकडे सुनेने बाहेर नोकरी करायची पद्धत नाही. म्हणजे तलासरीचं आरोग्य उपकेंद्र सोडायचं. हो म्हणावं तर नर्सिंग गेलं, नाही म्हणावं तर प्रितेश. महिनाभर मी नुसती कुढत होते.

त्यात तू बैठकीला बोलावलंस. लग्नाचा खर्च कमी करायचा ठराव मांडला होता: बँड नको, एका दिवसात लग्न आणि धवलेरीऐवजी भटजी, म्हणजे लवकर उरकेल. मला वाटलं, तू आता भांडणार. लग्न गाण्यांनी लावणारी तुमची धवलेरी, बुधीबाई, खाली मान घालून बसली होती. तू उठलीस. बैठक चालवणाऱ्या काकड्याबाबांनी विचारलं, तुझा विरोध काय? तू म्हणालीस, “विरोध नाय बाबा, उपसूचना आहे.” सगळे हसले! मग तू शांतपणे समजावलंस, की ठराव मोडायचा नाही, त्यातला एवढाच भाग बदलायचा. आधी बदलावर हात वर करा, मग बदललेल्या ठरावावर. खर्च कमी होऊ दे, धवलेरी राहू दे. उपसूचना हा शब्द आपण दोघी डहाणूच्या वसतिगृहात एकाच बाकावर शिकलो. मी तो परीक्षेत लिहिला आणि विसरले. तू तो वसतिगृहाच्या पातळ डाळीवरच्या भांडणात वापरलास आणि आता बुधीबाईसाठी. मागे बसलेल्या लाडकीने पहिला हात वर केला आणि मागोमाग बाकीच्यांचे हात वर गेले, तेव्हा मला रडूच आलं.

काल प्रितेशच्या घरचे आले होते. चहा ठेवला आणि तिथेच उभी राहून बोलले. म्हटलं, लग्न मला मान्य आहे, तुमच्या घरच्या रीतीही मान्य, फक्त नोकरीचं तेवढं बदला. बाबांचा चेहरा उतरला. त्याची आई म्हणाली, आमच्यात असं कोणी विचारत नाही. प्रितेश बशी खाली ठेवत म्हणाला, विचारलं तर काय बिघडलं? ते घरी बोलून कळवणार आहेत. त्यांचं उत्तर यायच्या आधीच हे पत्र टाकते आहे, मुद्दाम. उत्तर काहीही आलं तरी ते माझं मी बघेन. पण काल माझ्या तोंडून जे निघालं ते तुझ्यामुळे, हे तुला त्याआधी कळायला हवं. आणि पुढच्या सोमवारी लसीकरण आहे. मी उपकेंद्रातच असेन, चहाला ये.

तुझीच,
कविता