शेंडीवाला ध

प्रिय वहिनी,

काल तानुबाई आणि आपल्या रविवारच्या वर्गातल्या चार बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, वर्ग कवा उघडायचा? आमची अक्षरं चालली इसरून." तुमचा तेरावा होऊन गेला, तरी वर्ग भरतो त्या धर्मशाळेची किल्ली खुंटीवरच आहे. म्हणून लिहायला बसलो.

मी अजून रडलेलो नाही. जेवतो, शाळेत जातो, परत येतो. तुम्ही असतात तर मला काय म्हणाला असतात?

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी त्याच त्या इयत्तेत बसत होतो. अक्षरं माझ्यापुढे स्थिर राहतच नसत. गुरुजी वर्गाला सांगत, "लोक ध चा मा करतात, हा ध चा घ करतो!" शेवटी त्यांनी बाबांना सांगितलं, पोराला औतामागं धाडा. बाबा तयारही झाले होते. तुम्ही चुलीपुढून उठून पदर सावरत म्हणालात, "आवं मामंजी, यवडं एक वरीस जाऊ द्या की." नव्या सुनेनं सासऱ्यापुढं बोलायचं म्हणजे केवढं धाडस!

मग पलटणीतून दादाचं कार्ड आलं. अंगणात सगळे जमले. शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचली, "घीर घर." लिहिलं होतं, धीर धर. सगळे हसले. मला जमिनीत जावंसं वाटलं.

तुम्ही हसला नाहीत. दुपारी कार्ड घेऊन आलात. "भावजी, ह्यात ह्यांचं नाव कुटं हाय?" मी खालची सही दाखवली. धोंडीराम. तुम्ही पहिल्या अक्षराकडे कितीतरी वेळ बघत राहिलात. मग काठवटीत ज्वारीचं पीठ पसरून बोटानं ते काढलंत, शेजारी मला घ काढायला लावलात. "बघा, ह्याला शेंडी हाय. तुमचा घ तुळतुळीत."

मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. माझं बोट धरून तुम्ही ती शेंडी पुन्हापुन्हा काढून घेतलीत. "डोळं फसीवत्यात, बोट न्हाई फसवत." पुढे भ आणि म असेच सुटले. रोज भाकरीआधी काठवट माझी. साताऱ्याला सातवीच्या फायनल परीक्षेतही मी मांडीवर बोट फिरवत होतो. पास झालो, गावातच मास्तर झालो.

तुम्ही ध कधी ध म्हटला नाहीत, नेहमी शेंडीवालाच. नवऱ्याच्या नावाचं अक्षर नुसतं तोंडातून काढणंसुद्धा तुम्हाला त्यांना हाक मारल्यासारखं वाटायचं, हे कळायला मला वर्षं लागली. आणि "घीर घर" मात्र तुम्ही खुशाल म्हणायचात. दूध उतू गेलं, घीर घरा. म्हैस सुटली, घीर घरा.

बायकांचा वर्गही तुमचाच हट्ट. "तुमाला बोट गावलं न्हवं? आता त्यास्नी द्या." रविवारी दुपारी, फुकट. पहिल्या दिवशीची बाराखडी आठवते? प्रत्येक अक्षराला कुणीतरी गप्प! तानुबाई र पाशी अडली, तुम्ही ध पाशी. मी फळ्यापुढे घामाघूम. तुम्हीच वाट काढलीत, "जिचं अक्षर यील, तिच्या शेजारणीनं म्हनायचं!" तानुबाई म्हणाली, "मग मास्तर, माज्या नवऱ्याला ही हाका मारनार व्हय?" त्या दिवशी धर्मशाळेत हसण्याशिवाय काही शिकवून झालं नाही.

अंगात ताप घेऊन तुम्ही वर्गाला येत होतात. मला का सांगितलं नाहीत, वहिनी? अंथरूण धरलंत तेव्हा मी म्हटलं, सांगलीहून डॉक्टर आणतो. तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "घीर घरा, भावजी." मला हसू आलं. हसतच मी गाडी जुंपायला सांगितली. डॉक्टरला घेऊन आलो तर दारात माणसं जमलेली. मी अजून त्या हसण्यापाशीच थांबलोय. पुढे जाता येत नाही.

काल तानुबाई जाता जाता दादाला म्हणाली, "धोंडीबा, तुमच्या अक्षराला आता शेंडीवाला कोन म्हननार?" दादाला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. लढाईवरून आलेला माणूस, उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्याजवळ नुसता उभा राहिलो.

आज सकाळी काठवटीत पीठ पसरलं. काय काढायचं ते ठरवलं नव्हतं. बोटानं आपणहून शेंडी काढली.

रविवारी वर्ग उघडतो, वहिनी. बाराखडीत तुमचं अक्षर आलं की मी शेंडीवालाच म्हणेन. तपासणीचे साहेब पुढ्यात बसले असले तरी. रडू येईल तेव्हा येवो. तोवर घीर घरतो.

तुम्हीच ज्याला ही हाक मारलीत तो,
भावजी